तेराव्याच्या ताटातली अळंबी

शालू, तू स्वतःला फार शहाणी समजायचीस. होतीसही, पण तुला वाटायचं तेवढी नव्हतीस. हे मी तुझ्या तोंडावर हजारदा बोललेय, त्यामुळे तू गेलीस म्हणून माझ्या जिभेवर आता एकदम साखर येणार नाही. साखर पेरायला शाळेने शोकसभा घेतली होती. ती मी शेवटपर्यंत बसून ऐकली, आणि परवा तुझं तेरावंही बघितलं. दोन्हीकडे तुझी जी काय शोभा झाली, ती तुला सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आधी सभेचा फ्लेक्स सांगते. मध्ये तुझा फोटो, मागे हा मोठा धबधबा आणि चारी कोपऱ्यांत गुलाब. मुख्याध्यापक नवे. तुझ्याशी त्यांचं कधी धड बोलणं झालेलं नाही, पण भाषण असं ठोकलं की जणू तुझ्या मांडीवर वाढले. "बाई म्हणजे झाडाफुलांचं चालतंबोलतं पुस्तक." निसर्गकन्या झालीस, वनदेवी झालीस. शेवटी तुझ्या स्मरणार्थ प्रत्येक मुलाने एक झाड लावायचं असं ठरलं आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! अगं, तू उभ्या जन्मात एक झाड लावलं नाहीस. तुझ्या अंगणातल्या तुळशीला पाणीसुद्धा मी घालायची, आणि तू शेजारी बसून कुंडीतल्या मातीवर कुठे पांढरी बुरशी धरलीय का ते बघायचीस. साळावच्या पुलाकडे फिरायला निघालो आणि रस्त्यात शेण दिसलं की तू उकिडवी बसलीसच. येणारीजाणारी माणसं मला विचारायची, बाईंचं काही पडलं का म्हणून. झाडाफुलांची म्हणे! जे कुजतं, बुरसतं, बुळबुळतं ते तुझं. फुलांना तू नटव्या म्हणायचीस.

मग तुझा एक माजी विद्यार्थी माइकवर आला. आता वाळू-सिमेंटचा धंदा आहे त्याचा. गळ्यात जाड साखळी होती, पण डोळ्यांत पाणी खरं होतं. म्हणाला, "बाईंनी शिकवलेलं मी अजून इसरलो न्हाय. सजीवांचे दोन प्रकार. वनस्पती आन् प्राणी. अजून पाठ हाय." सगळा हॉल गहिवरला. मी तुझ्या फोटोकडे बघितलं. घसा फोडून जन्मभर शिकवलंस, आणि त्याचं हे पीक आलं. त्या क्षणी मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तसं बघितलं तर आपल्यालाही लहानपणी दोनच शिकवले होते. आपणहून चालतं ते जनावर, जागचं हलत नाही ते झाड, आणि या दोनांत न बसणारं काही जगात असेल अशी शंकाही कुणाला यायची नाही. अलिबागला कॉलेजात गेलो तेव्हा सरांनी फळ्यावर एकाखाली एक पाच सृष्टी लिहिल्या. मोनेरा, म्हणजे जिवाणू, ज्यांच्या पेशीत धड केंद्रकही नसतं. प्रोटिस्टा, म्हणजे ज्यांची कुठेच सोय लागत नाही ते सगळे. घरात नको असलेलं सामान माळ्यावर टाकतात, तसे ते तिथे टाकलेले. मग कवके, म्हणजे बुरशी, यीस्ट, अळंबी. आणि उरलेल्या दोन आपल्या ओळखीच्या. मला काय, दोन नावांच्या जागी पाच पाठ करायची, एवढंच. तुला मात्र दीक्षाच मिळाली. एस्टीतून परत येताना चौल आल्यावर तू एकदम म्हणालीस, "कुमे, म्हणजे इतकी वर्षं सगळे अळंबीला झाड म्हणत होते, आणि ती मुकाट ऐकून घेत होती." मी म्हटलं, तिला कान नाहीत. तू माझ्याशी घरापर्यंत बोलली नाहीस.

पुढे एकाच शाळेत लागलो. तुला वनस्पतीशास्त्र मिळालं, मला प्राणिशास्त्र. प्रयोगशाळेत दोन कपाटं होती, एकावर 'वनस्पती', दुसऱ्यावर 'प्राणी'. बुरशी आणि जिवाणू रीतीप्रमाणे तुझ्या विषयात, म्हणजे तुझ्या कपाटात. दुसऱ्या कुठल्याही बाईने बरण्या आत ठेवून कुलूप लावलं असतं. तू सगळ्या बरण्या खिडकीत मांडून ठेवल्यास. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, हे उन्हात का?" तू म्हणालीस, "त्यांचं कपाट आलेलं नाही अजून." त्यांना वाटलं ऑर्डर गेलीय. ते बिचारे दरवर्षी कपाटाची चौकशी करत निवृत्त झाले. बरण्यांतल्या अळंब्यांचा रंग उडून त्या सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या, तरी तू त्या आत घेतल्या नाहीस. याला तू तत्त्व म्हणायचीस. मी याला हट्ट म्हणते, आणि तोही बिनकामाचा.

पेपर तपासताना तर तू कसायासारखी बसायचीस. 'अळंबी ही हिरवा रंग नसलेली वनस्पती आहे' असं कुणी लिहिलं की सबंध उत्तरावर काट. एकदा कोळीवाड्यातून एका मुलीचे वडील भांडायला आले. होडीवरून तसेच आले होते, पायाला वाळू. "बाय, पोरीनं झाडच लिवलाय ना? आमच्या टायमाला बी झाडच व्हतं." तू त्यांना खुर्ची दिलीस आणि समजवायला लागलीस, की झाड स्वतःचं अन्न स्वतः करतं, अळंबी दुसऱ्याच्या जिवावर जगते. आणि तिच्या पेशींच्या भिंती ज्याच्या असतात ते झाडात सापडतच नाही, ते सापडतं कोळंबीच्या सालीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग कोलंबी म्हना. कोलंबीचं मारक द्या." मी स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं ठेवून हसले. तू त्यांच्यावर चिडली नाहीस, माझ्यावर चिडलीस. म्हणालीस, तो निदान विचार तरी करतोय. म्हणजे मी करत नाही.

पुढे तुझ्या पाचांचेही बारा वाजले. तुझ्या पहिल्याच सृष्टीचे, मोनेराचे, शास्त्रज्ञांनी दोन तुकडे केले. प्रोटिस्टाचा माळा तर उपसून काढला. किनाऱ्यावरच्या खडकांवर भरती ओसरली की जे शेवाळ दिसतं, त्यातलं हिरवं एकीकडे गेलं आणि तपकिरी भलतीकडेच. पाच म्हणायचं, सहा म्हणायचं की सगळंच पुसून नव्याने लिहायचं, यावर त्यांचीच जुंपली. मी तुला दररोज खिजवायची, काय शालूताई, आज किती सृष्ट्या? माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. खोके माणसाने केले, माणसाच्या सोयीसाठी केले, त्यात रडण्यासारखं काही नाही. तू म्हणायचीस, "खोके चुकीचे असतील गं. पण एखादी गोष्ट तुझ्या खोक्यात मावत नाही, हे तर खरं असतं ना? ते मान्य करायला तुला काय होतं?" मला काही होत नव्हतं. मला फक्त तुला जिंकू द्यायचं नव्हतं.

आणि श्रावण आला की आपलं खरं युद्ध. कोकणात श्रावणात अळंबी खावी की नाही, हा प्रश्न कुणी सोडवलेला नाही. ती उगवते नेमकी त्याच दिवसांत, वारुळाच्या आसपास. कातकरी बायका पानांत बांधून रस्त्याला घेऊन बसतात, आणि अर्धा गाव मान वळवून पुढे जातो. तुझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंदाताई तर भांड्याला हात लावायच्या नाहीत. "सावनात अलंबी न्हाय खात आमी. मटनासारकी लागते ना, मंग मटनच झाला." तू त्यांना कवके, वनस्पती, प्राणी असं सगळं सांगायचीस. त्या ऐकून घ्यायच्या आणि भांडं तुलाच घासायला ठेवून जायच्या. तू मात्र सोमवारीसुद्धा अळंबीचं कालवण ओरपायचीस आणि वर शास्त्राचा दाखला द्यायचीस, की ही प्राणी नाही, सबब उपास मोडत नाही.

मग मला माझा हुकमाचा पत्ता मिळाला. नव्या संशोधनात निघालं की कवकं झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची. दूरचा का होईना, पण पूर्वज एक. झाडं त्या भाऊबंदकीत नाहीतच. मी ते वाचलं आणि चपला न घालता तुझ्याकडे आले. म्हटलं, बाई गं, जन्मभर श्रावणात तू जे खाल्लंस ते भेंडीपेक्षा बोकडाच्या जवळचं आहे. मंदाताई बरोबर होत्या, तू चूक. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तू तू होतीस. म्हणालीस, "जवळची म्हणजे तीच नव्हे. तू तुझ्या भावाच्या जवळची आहेस, म्हणून तुला मिशा आल्या का?" मी म्हटलं, पण सुतक त्याचंच धरते, शेजाऱ्याचं नाही. "उद्या सांगते," म्हणालीस. ते उद्या गेली कित्येक वर्षं चाललं होतं.

हॉस्पिटलात मी तुला त्याची आठवण केली. नाकात नळी होती, बोलायचं नाही अशी ताकीद होती, आणि बोलायचं नाही म्हटलं की तुला कंठ फुटतो. तू भलतंच काढलंस. "तेराव्याला ताटात माझ्या आवडीचं वाढतील ना? अळंबी वाढायला सांग." मी म्हटलं, लाज वाटते का, विज्ञानाची बाई, मेल्यावर ताटातलं कोण खातं? म्हणालीस, "मी कुठे खाणार आहे? पण वाढायच्या आधी त्यांना विचार करावा लागेल, ही कशात धरायची. तेवढा एक तास तरी मला मिळेल. आणि कुमे, भाजी म्हणून वाढू देऊ नकोस. काय आहे ते सांग त्यांना." मरायला टेकलेली बाई जगाचा तास घेणार होती. मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर तू वाद घातला असतास आणि नर्सने मला हाकललं असतं. त्यानंतर तुझं माझं असं काही बोलणं झालंच नाही.

तर तेरावं. तुझा भाचा प्रशांत पनवेलहून सहकुटुंब आला होता. ट्रकचा धंदा जोरात आहे, फोन सारखा कानाला. वाईट नाही पोरगा, पण तुझ्याकडे दिवाळीला एकदा येऊन जायचा, तेवढ्या ओळखीवर त्याने सगळं करायचं, आणि मी पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, आलेल्या मंडळींत. मैत्रीण म्हणजे नात्यात कोण, ते कुठल्याच भटजींना माहीत नसतं. मला त्याचं दुःख नाही. राग आहे. तुझ्या घरात चहाची साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना मला येऊन विचारावं लागत होतं.

श्रावणच चालू होता, मी सकाळी रस्त्यावरच्या कातकरी बाईकडून अळंबी आणली होती. घरी धुऊन, कांदा-लसूण न घालता, म्हणजे अर्धी चव घालवून, नारळाच्या रसात केली आणि डबा घेऊन गेले. प्रशांतच्या बायकोने झाकण उघडलं आणि मागे सरली. "काकू, हे मटण आहे?" मी म्हटलं, अळंबी आहे, शालूने सांगितलंय ताटात वाढायला. झालं. तुझा तास सुरू झाला.

तुझ्या अपेक्षेप्रमाणे विचार सुरू झाला, पण कसा, ते ऐक. एक म्हणाली श्रावणात चालत नाही. दुसरी म्हणाली आमच्याकडे चालते, पण सुतकात नाही. कुणाच्या तरी जावेला एकदा बाधली होती. प्रशांत फोन बाजूला धरून म्हणाला, "आंटी, सीधा बोला ना. व्हेज की नॉनव्हेज?"

मी उभी राहिले. शालू, मी तुझं काम इमानाने केलं. म्हटलं, "दोन्ही नाही. ही झाड नव्हे आणि जनावरही नव्हे. सजीवांच्या आणखीही सृष्ट्या आहेत, ही त्यांतली एक. तुझ्या आत्याने जन्मभर हेच शिकवलं."

"दोन्ही नाही असं कसं असेल, यार? काहीतरी एक असेल ना."

"नाही. तिसरंच आहे."

त्याने भटजींकडे बघितलं. भटजी सभ्य होते, घाईत होते, पुढे आगरदांड्याला जायचं होतं त्यांना. म्हणाले, "काही ठिकाणी निषिद्ध मानतात, काही ठिकाणी खातात. भाजीत धरत असाल तर माझी ना नाही. पण ज्याचं नक्की नाही ते ताटात नको. मृतात्म्याला संशयाचा पदार्थ देऊ नये." आणि सगळ्यांच्या माना हलल्या. प्रशांतच्या बायकोने झाकण लावून डबा मोरीजवळच्या कट्ट्यावर ठेवला, घासायच्या भांड्यांच्या रांगेत.

मी ताट बघितलं. वरणभात, वडे, खीर, आणि गवारीची भाजी. गवार! ज्या भाजीला तू दोरखंड म्हणायचीस ती तुझी आवड म्हणून वाढली होती, कारण गवार काय आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. अख्ख्या पानावर तुझं म्हणावं असं काहीही नव्हतं. भटजींनी पळीत पाणी घेतलं. तुझ्या दोन इच्छा होत्या, ताटात अळंबी हवी आणि ती काय आहे ते सांगायचं. सांगून झालं होतं, आणि त्याच पायी ती मोरीपाशी गेली होती. दोन्ही मिळणार नव्हत्या. तुझ्या तत्त्वाची मला पर्वा कधीच नव्हती, हे तुला माहीत आहे. पण तू गवार खाऊन जावंस, हे मला सहन होईना.

"थांबा," मी म्हटलं. "माझं चुकलं. मी शास्त्राची शिक्षिका आहे, माझ्या शब्दावर वाढा. अळंबी ही वनस्पती आहे."

बोलले आणि थांबले. पुढे बोलायचं होतं, पण थांबले, कारण इतक्या वर्षांत माझं हे वाक्य तू पुरं होऊ दिलेलं नाहीस. मी मुद्दाम बोलायची तेव्हाही नाही. आतल्या खोलीतून, मोरीतून, तापात पडलेली असलीस तर अंथरुणातून तुझा आवाज यायचाच. मी तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर, सगळ्या लोकांदेखत ते वाक्य पूर्णविरामापर्यंत म्हटलं. कुणी टोकलं नाही. प्रशांत म्हणाला, "हां, मग व्हेज ना, वाढ गं," आणि त्याच्या बायकोने डबा आणून दोन चमचे पानावर वाढले, गवारीच्या शेजारी. भटजींनी पाणी फिरवलं.

मी तेव्हा रडायला लागले. हॉस्पिटलात नाही, स्मशानाच्या वाटेवर नाही, सभेत नाही, तिथे. हुंदके देऊन, लोक बघत असताना. प्रशांतच्या बायकोने मला धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "काकू, रडू नका, त्यांच्या मनासारखं झालं सगळं." शालू, मी चूक बोलले होते, धडधडीत चूक, आणि ते ज्याला कळेल असं एकही माणूस त्या घरात उरलेलं नव्हतं.